तांब्याच्या पट्ट्यांचं सपाट भिंग: इंदूरहून प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आज पक्का झाला. विषय मेटासरफेस. विद्यार्थी दोन: लोकमान्य नगरची एक मराठी मुलगी आणि देवासहून रोज बसने येणारा एक मुलगा. दोघांचंही म्हणणं एकच, "मॅडम, नुसतं सिम्युलेशन नको, हाताने काहीतरी करू." मला ते मनापासून पटलं. प्रश्न एवढाच की हा विषय हाताने करायचा कसा.

मेटासरफेस म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान अशा रचनांची एक सपाट जाळी. काचेचं भिंग प्रकाशाला आपल्या जाडीतून वळवतं. मध्ये जाड आणि कडेला पातळ असल्यामुळे मधला किरण काचेत जास्त रेंगाळतो, कडेचा कमी. मेटासरफेसमध्ये जाडी सगळीकडे सारखीच असते. प्रत्येक सूक्ष्म रचना आपल्या वाटच्या प्रकाशाला ठरावीक फेज देते, म्हणजे त्याची लहर आवर्तनात ठरावीक अंशांनी पुढे-मागे करते, आणि त्या सगळ्या फेजच्या मांडणीतून प्रकाश हवा तिकडे जातो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे या रचना त्याहूनही लहान हव्यात. त्यासाठी इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने कोरण्याची पद्धत लागते, धूळमुक्त स्वच्छ खोली लागते. आमच्या गावात आरआरकॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, तिथल्या २.५ जीईव्हीच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण देणारं यंत्र) क्ष-किरण लिथोग्राफीची बीमलाइनसुद्धा आहे. पण एका सत्राच्या प्रकल्पासाठी असल्या यंत्रावर वेळ मागणं काही योग्य नाही.

आमच्याकडे आहे तो एक्स-बँडचा, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या आसपासचा, मायक्रोवेव्ह बेंच. लहर तयार करणारा गन ऑसिलेटर, ती वाहून नेणारी धातूची पोकळ नळी म्हणजे वेव्हगाइड, लहर पाठवणारा आणि घेणारा असे कर्ण्यासारखे दोन हॉर्न, डिटेक्टर. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी बरोबर ३ सेंटीमीटर. मॅक्सवेलची समीकरणं नॅनोमीटरलाही तीच आणि सेंटीमीटरलाही तीच. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाऐवजी ३ सेंटीमीटरची लहर घेतली की सगळी रचना सुमारे ५६ हजार पट मोठी होते, आणि जे इलेक्ट्रॉनच्या झोताने कोरायचं ते कटरने कापता येतं.

ठरलं. मायक्रोवेव्हचं सपाट भिंग करायचं.

६ डिसेंबर

मुलांना वाचायला दोन शोधनिबंध दिले. पहिला २०११ सालचा, हार्वर्डच्या फेडेरिको कपासो यांच्या गटाचा, मुख्य लेखक नानफांग यू. सिलिकॉनवर सोन्याच्या इंग्रजी व्ही आकाराच्या इवल्या अँटेना, आठ-आठच्या संचात, प्रकाश अवरक्त, ८ मायक्रोमीटरचा. त्यांनी किरण किती वळतो हे सांगणाऱ्या स्नेलच्या नियमात एक पद वाढवलं. पृष्ठभागावर पुढे सरकताना फेज दर अंतराला किती बदलतो, ते पद. ते शून्य असलं की शाळेत शिकलेला नियम परत मिळतो. शून्य नसलं की सरळ आत आलेला किरणही तिरका बाहेर पडतो.

दुसरा २०१६ चा, त्याच गटाचा. टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे पंख, म्हणजे चपटे खांब, काचेवर उभे केलेले, आणि दृश्य प्रकाशात चालणारं भिंग. व्यास २४० मायक्रोमीटर, नाभीय अंतर ९०. कार्यक्षमता ४०५ नॅनोमीटरला ८६ टक्के, ५३२ ला ७३, ६६० ला ६६.

देवासवाल्याने विचारलं, सोनं सोडून टायटॅनियम डायऑक्साइड का? हा प्रश्न फार मोलाचा. दृश्य प्रकाशात धातू प्रकाश खाऊन टाकतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ काहीच खात नाही आणि त्याचा अपवर्तनांक २.४ च्या आसपास असल्यामुळे थोड्या उंचीत पुरेसा फेज मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये आम्हाला ही अडचणच नाही, ३ सेंटीमीटरच्या लहरीसाठी तांबं जवळपास आदर्श वाहक आहे. म्हणजे तांब्याची चिकटपट्टी चालेल.

११ डिसेंबर

बेंच चालू केला. गन डायोड शाबूत आहे, लहर चालू-बंद करणारा पिन मॉड्युलेटर चालतो, डिटेक्टरचा क्रिस्टल मात्र बदलावा लागला. लॅबच्या भैयांनी कपाटातून नवा काढून दिला.

वारंवारता आधी पक्की हवी, कारण पुढचं एकेक माप तिच्यावर बेतलेलं. स्लॉटेड लाइनवर, म्हणजे आतली लहर मोजता यावी म्हणून फट ठेवलेल्या वेव्हगाइडवर, लागोपाठच्या दोन निम्नबिंदूंमधलं अंतर १.९८ सेंटीमीटर आलं. त्याची दुप्पट म्हणजे वेव्हगाइडच्या आतली तरंगलांबी, ३.९६. वेव्हगाइडची रुंदी २.२८६ सेंटीमीटर घालून हिशोब केला की बाहेरची तरंगलांबी ३.० येते. ऑसिलेटरची वारंवारता बदलणाऱ्या मायक्रोमीटर स्क्रूचा आकडा लिहून त्या स्क्रूवर टेप चिकटवली, कुणी फिरवू नये म्हणून.

१७ डिसेंबर

काका घरी आले होते. राजवाड्याजवळ त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, पण तरुणपणी काकांनी एमरीच्या पुडीने स्वतः काचा घासून नंबर काढलेत. मी त्यांना २०१६ च्या भिंगाचं चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "अगं, पण यात गोलाई कुठेय?"

म्हटलं, नाहीच आहे.

"मग ती प्लास्टिकची मॅग्निफायर शीट मिळते, तसलं काही?"

ती फ्रेनेलची कल्पना, १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात पहिल्यांदा बसवलेली. पण फ्रेनेलच्या भिंगातही गोलाई असतेच. तिचे वर्तुळाकार तुकडे करून ते सपाट ठेवलेले असतात, प्रत्येक वलयाला आपापला उतार असतो. इथे उतारही नाही. काकांना ते पटेना. "गोलाई नाही, उतार नाही, तर वळतं कशाने?"

हाच प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहून ठेवते. मुलांच्या अहवालातही हेच यायला हवं.

वर्तुळाकार ध्रुवित लहरीत विद्युत क्षेत्र घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं. तिच्या वाटेत तांब्याची एक अरुंद पट्टी ठेवली, तर पट्टी काट्याचा फक्त आपल्या दिशेतला भाग उचलते आणि तो पुन्हा सोडते. आता पट्टी ३० अंशांनी फिरवा. काटा तिच्या दिशेला ३० अंश उशिरा पोचणार, म्हणजे ३० अंशांचा फेज आला. पट्टीतून बाहेर पडलेल्या लहरीत अर्धा भाग उलट्या दिशेने फिरणारा असतो. तो पट्टीच्या नव्या दिशेपासून मोजायला सुरुवात करतो, त्यामुळे आणखी ३० अंश जमा होतात. एकूण ६०. पट्टी जितकी फिरवाल त्याच्या दुप्पट फेज. पट्टी तीच, लांबी तीच, जाडी तीच, फक्त कोन बदलला. आणि काटा उलटा फिरत असेल तर तोच फेज उणे चिन्हाने येतो.

याला पंचरत्नम-बेरी फेज म्हणतात. शिवरामकृष्णन पंचरत्नम हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. बंगळूरला रामन यांच्या संस्थेत स्फटिकांमधल्या ध्रुवित प्रकाशावर काम करताना १९५६ साली त्यांनी हे मांडलं, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. ब्रिटनच्या मायकेल बेरींनी १९८४ साली क्वांटम यांत्रिकीत अशाच भौमितिक फेजचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. मग १९८६ साली रामशेषन आणि नित्यानंद यांनी दाखवून दिलं की पंचरत्नम यांचं काम हे याचंच आधीचं उदाहरण आहे, आणि पुढच्याच वर्षी बेरींनी स्वतः त्यावर निबंध लिहिला. पंचरत्नम १९६९ मध्येच गेले, पस्तिशीत. आज जगभर जी सपाट भिंगं होताहेत त्यांतल्या कितीतरी त्यांच्या या एका कल्पनेवर उभ्या आहेत. आपल्याकडच्या पदवीच्या पुस्तकात त्यांचं नाव यायलाच हवं असं मला फार वाटतं.

काकांनी शेवटी एवढंच म्हटलं, "करून दाखव, मग बघू."

२३ डिसेंबर

पट्टीची लांबी ठरवली. कार्डशीटवर सगळ्या पट्ट्या समांतर चिकटवून तीन नमुने केले, १२, १३ आणि १४ मिलीमीटरचे, रुंदी दीड मिलीमीटर, दोन पट्ट्यांच्या केंद्रांमध्ये १५ मिलीमीटर. कार्डशीट थर्माकोलवर. थर्माकोल म्हणजे बहुतेक हवाच, मायक्रोवेव्हला तो जवळजवळ दिसत नाही.

पट्ट्या विद्युत क्षेत्राला समांतर असल्या आणि लांबी जुळली की त्या लहरीला पुढे जाऊच देत नाहीत, सगळी मागे परतवतात. आडव्या फिरवल्या की लहर बिनधास्त पार. १३ मिलीमीटरच्या नमुन्याला मायक्रोअॅममीटरचा काटा सगळ्यात खाली गेला. अर्धी तरंगलांबी १५ होते, पण पट्टीला रुंदी असते आणि खाली कागदही असतो, त्यामुळे खरी लांबी थोडी कमी येते. १३ पक्की.

इथे एक मर्यादा आताच नोंदवून ठेवायला हवी. असल्या एकाच पातळ थरातून वळलेल्या लहरीत जास्तीत जास्त २५ टक्के शक्ती जाते. २५ टक्के सरळ पुढे जाते, उरलेली निम्मी मागे परतते. ही हातकामातली कमतरता नव्हे, एकाच थराच्या धातूच्या जाळीचं गणितच तसं आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचे पंख तरंगलांबीइतके उंच असतात, म्हणून त्यांना हे बंधन लागू नाही.

२ जानेवारी

पहिली शीट भिंगाची नाही, जाळीची. आधी सरळ लहर तिरकी वळते का ते बघायचं. ओळीत सहा पट्ट्या, प्रत्येक शेजारणीपेक्षा ३० अंश जास्त फिरलेली, की सहांमध्ये १८० अंश पुरे. फेज त्याच्या दुप्पट, म्हणजे ३६० अंशांचं एक पूर्ण आवर्तन ९ सेंटीमीटरमध्ये. वळणाच्या कोनाचा साइन ३ भागिले ९. कोन साडेएकोणीस अंश. १८ गुणिले १८ पट्ट्यांची शीट, २७ सेंटीमीटर चौरस.

मुलीने पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहून सगळ्या पट्ट्यांच्या जागा आणि कोन छापण्याजोगे केले. छापायला प्लॉटरच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने कागदावर मावावं म्हणून चित्र आपोआप आक्रसून छापलं. स्टीलची पट्टी लावून मोजलं तर १५ मिलीमीटरच्या जागी साडेचौदा. दुसरी प्रत शंभर टक्के मापाने काढून घेतली आणि दुकानातच मोजली. पट्ट्या चिमट्याने चिकटवणं हे निगुतीचं काम. तांब्याची टेप काचेवर ठेवून आधी दीड मिलीमीटरच्या लांब रिबिनी कापायच्या, मग त्यांचे १३ मिलीमीटरचे तुकडे, मग मागचा कागद सोलून छापलेल्या रेघेवर एका टोकाकडून नखाने दाबत जायचं. मधूनच पट्टी वळली तर ती काढून नवी लावायची, कारण चुरगळलेलं तांबं परत सरळ बसत नाही. देवासवाल्याचा हात या कामात विलक्षण स्थिर आहे.

९ जानेवारी

प्रयोगशाळेत पहिलं वाचन घेतलं. दोन्ही बाजूंना काहीतरी आहे हे नक्की, पण डाव्या बाजूला काटा भलतीकडेही चढतो. शोधत गेलो तर लोखंडी कपाट. हॉर्नच्या झोताचा कडेचा भाग त्याच्यावर आपटून परत येत होता. कपाट हलवण्यासारखं नाही. बेंच गच्चीवर न्यायचा. विजेची तार, स्टँड, लाकडी टेबल, सगळ्याची यादी केली.

१५ जानेवारी

काल संक्रांत, गच्चीवर पतंगवाल्या पोरांचं राज्य, त्यामुळे आज. थंडी कडक होती, पण हवा स्थिर होती. चारी बाजूंना मोकळं आकाश असलं की मायक्रोवेव्हचं मोजमाप किती स्वच्छ होतं, हे मुलांनी आज स्वतः पाहिलं.

पाठवणारा हॉर्न शीटपासून ६० सेंटीमीटरवर, घेणारा दीड मीटरवर. शीटभोवती जमिनीवर खडूने वर्तुळ आखून अंश मांडले होते. शीट नसताना समोर ४८ मायक्रोअॅम्पियर. शीट लावली की समोर १३. घेणारा हॉर्न हळूहळू बाजूला नेत गेलो. काटा खाली गेला, १२ अंशांपाशी जवळजवळ शून्य, मग पुन्हा वर चढायला लागला. साडेएकोणीसच्या खुणेपाशी अडीच, पुढे पुन्हा उतार. दुसऱ्या बाजूला तसंच, तिथेही अडीच.

हॉर्नमधून येणारी लहर रेषीय ध्रुवित असते, म्हणजे तिचं विद्युत क्षेत्र एकाच रेषेत मागेपुढे होतं, आणि रेषीय म्हणजे डावी आणि उजवी फिरणारी लहर निम्मी निम्मी. डावीला अधिक फेज मिळतो, उजवीला उणे. म्हणून एक डावीकडे वळते, दुसरी उजवीकडे. गणिताने समोर ४८ चा पाव म्हणजे १२ यायला हवं होतं, आणि बाजूंना ३, कारण वळलेल्या १२ पैकी निम्मं एकेका बाजूला जातं आणि त्यातलंही निम्मंच रेषीय हॉर्न घेतो. कागद, टेप, कटर यांच्या जोरावर इतकं जवळ येणं मला फार समाधानाचं वाटलं.

खरी परीक्षा पुढची. घेणारा हॉर्न आपल्या अक्षाभोवती ९० अंश फिरवला. समोर काटा शून्याला टेकला, कारण सरळ गेलेली लहर अजून रेषीयच आहे. बाजूला नेला तर तिथे अडीचच्या अडीच. हॉर्न कसाही फिरवा, वाचन हलत नाही. बाजूची लहर वर्तुळाकार ध्रुवित आहे याचा याहून सरळ पुरावा दुसरा नाही. मुलगी तो हॉर्न कितीतरी वेळ फिरवत राहिली.

२१ जानेवारी

आता भिंग. नाभीय अंतर २० सेंटीमीटर, मध्यापासून बाजूच्या कडेपर्यंत १५. आकडे मुद्दाम असे घेतले. १५ आणि २० च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण २५. कडेवरून नाभीपर्यंतची वाट मधल्या वाटेपेक्षा ५ सेंटीमीटरने लांब, म्हणजे एक पूर्ण दोन तृतीयांश लहर, म्हणजे ६०० अंश फेज. पट्टी त्याच्या निम्मी, ३०० अंश फिरवायची. पण पट्टी १८० अंश फिरवली की पुन्हा तशीच दिसते, म्हणून कडेची पट्टी १२० अंशांवर. मध्यापासून निघालं की पट्ट्या आधी हळूहळू फिरतात, मग भराभर. साडेअकरा सेंटीमीटरच्या जरा आत एक वर्तुळ येतं, तिथे त्या पुन्हा मूळ दिशेला आलेल्या असतात.

हार्वर्डच्या भिंगातही असाच त्रिकोण आहे, १२० त्रिज्या, ९० नाभीय अंतर, १५० कर्ण, मात्र मायक्रोमीटरमध्ये. त्रिज्या भागिले कर्ण, म्हणजे कडेच्या किरणाच्या कोनाचा साइन, त्यांचा ०.८, आमचा ०.६.

२१ गुणिले २१, एकूण ४४१ पट्ट्या. मुलांनी वर्गातल्या आणखी दोघांना मदतीला बोलावलं आहे. त्याच हार्वर्डच्या गटाने २०२४ साली १० सेंटीमीटर व्यासाचं पूर्ण काचेचं मेटाभिंग प्रसिद्ध केलं, त्यात १८.७ अब्ज सूक्ष्म खांब आहेत. ते चिप कारखान्यातल्या अतिनील लिथोग्राफीने छापलं आणि त्याने सूर्याचे, चंद्राचे फोटो काढले. कारखान्यात छापता येणं, हीच या क्षेत्रातली मोठी उडी आहे असं मी मुलांना सांगितलं. फोनमधल्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये मेटासरफेस बसू लागल्याची घोषणा २०२२ मध्येच झाली होती.

१ फेब्रुवारी

पुन्हा गच्ची. आज काकांनाही घेऊन गेले. जिना चढून आले, खुर्ची मागितली आणि थेट शीटसमोर बसले.

पाठवणारा हॉर्न २ मीटरवर. या बाजूला हॉर्न चालणार नाही, तो नाभीच्या ठिपक्यापेक्षा मोठा. म्हणून उघडं वेव्हगाइड, तोंड २३ गुणिले १० मिलीमीटर, लाकडी पट्टीवर पुढे-मागे आणि आडवं सरकेल असं. ते ९० अंश फिरवून ठेवलं, म्हणजे सरळ आलेली लहर त्याला दिसणारच नाही. शीट काढली की काटा शून्य. शीट लावली की चढतो. मागे नेत गेलो तसा वाढत गेला आणि २२ सेंटीमीटरच्या आसपास सगळ्यात वर. स्रोत २ मीटरवर असताना भिंगाच्या सूत्राने २२.२ यायला हवं. आडवं सरकवलं तर ठिपका जेमतेम ३ सेंटीमीटर रुंद, एका तरंगलांबीएवढा. त्याबाहेर काटा झपकन खाली.

काका शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "हा ठिपका याच भिंगाचा कशावरून? भिंतीवरून येत असेल तर?" मग त्यांनी आपली दुकानातली रीत सांगितली. हातात आलेल्या काचेचा नंबर प्लस की मायनस, हे बघायला ती डोळ्यासमोर धरून भिंतीवरच्या रेघेकडे बघत हलवतात. प्लसची काच असेल तर रेघ उलटी सरकते, मायनसची असेल तर काचेबरोबर. "तुझं भिंग हलव. ठिपका तुझ्या भिंगाचा असेल तर त्याला हलावंच लागेल."

शीट ५ सेंटीमीटर उजवीकडे सरकवली. गणिताने ठिपका साडेपाच सेंटीमीटर उजवीकडे जायला हवा, स्रोत अनंतावर नाही म्हणून अर्धा जास्त. वेव्हगाइड जुन्या जागी, काटा पडलेला. उजवीकडे नेत गेलो, साडेपाचच्या खुणेपाशी पुन्हा वर. शीट डावीकडे नेली, ठिपकाही डावीकडे. काका उठून शीटपाशी आले, चष्मा काढून पट्ट्या जवळून पाहिल्या, एका वलयावरून बोट फिरवत बाहेरपर्यंत नेलं. "हां," म्हणाले, "गोलाई इथे आहे. फिरवण्यात आहे."

अहवालात या चाचणीला वेगळं प्रकरण द्यायचं असं मुलांना सांगितलं. मोजमाप कितीही सुंदर असलं तरी ते कुणामुळे आलं हे दाखवायची अशी साधी आणि पक्की पद्धत मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

९ फेब्रुवारी

आता एक बाकी होतं. डावी लहर आणि उजवी लहर वेगवेगळी ऐकता यायला हवी. त्यासाठी हेलिक्स अँटेना. स्केचपेनच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, एका वेढ्याचा परीघ ३ सेंटीमीटर, दोन वेढ्यांमध्ये साडेसात मिलीमीटर. मागे तांब्याची चकती. वेढे स्क्रूच्या आट्यांसारखे उजवे असतील तर ती उजवी लहर घेते, डाव्या लहरीला बहिरी असते.

या गुंडाळलेल्या तारेवरून मुलांना जगदीशचंद्र बोसांचा प्रयोग सांगितला. १८९८ साली त्यांनी तागाचे पीळ दिलेले जुडगे मायक्रोवेव्हच्या वाटेत ठेवले आणि लहरीचं ध्रुवीकरण फिरलेलं दाखवलं. उजवा पीळ एका बाजूला फिरवतो, डावा दुसऱ्या. साखरेचं द्रावण प्रकाशाला जे करतं त्याची ही हाताएवढी प्रतिकृती. लहान लहरीचं कोडं मोठ्या लहरीवर सोडवायचं, ही वाट कोलकात्यात तेव्हाच चोखाळलेली आहे.

आधी जाळीची शीट. हेलिक्सला एका बाजूच्या खुणेवर काटा वर, दुसऱ्या बाजूच्या खुणेवर काहीच नाही. जाळीची वरची कड खाली करून लावली, दोन्ही बाजूंची अदलाबदल. गणित तेच सांगत होतं, तरी प्रत्यक्ष बघताना वेगळंच वाटतं.

मग भिंग. हेलिक्स नाभीपाशी ठेवला, काटा चांगला वर. भिंगाची मागची बाजू पुढे केली, बाकी काहीही हलवलं नाही. काटा पडला. शून्याला नाही, कारण सरळ गेलेली लहरही थोडी हेलिक्समध्ये येते, पण नाभीचा उंचवटा पूर्ण नाहीसा. मागून बघितलं की घड्याळाच्या दिशेने फिरत गेलेल्या पट्ट्या उलट्या दिशेने फिरत गेलेल्या दिसतात. त्यामुळे जी लहर एकवटत होती तीच आता पसरते. काकांना फोन केला. म्हटलं, काका, एकच भिंग, या तोंडाने प्लस आणि त्या तोंडाने मायनस. पलीकडून म्हणाले, "काचेत असं आयुष्यभर बघितलं नाही. रविवारी येतो, मला हाताने फिरवून बघायचंय."

१८ फेब्रुवारी

गन ऑसिलेटरच्या मायक्रोमीटरवरची टेप काढली आणि वारंवारता ९.६ ते १०.४ गिगाहर्ट्झ बदलून नाभी कुठे सरकते ते पाहिलं. शिखर चपटं आहे, त्यामुळे जागा नेमकी धरायला दर अर्ध्या सेंटीमीटरला वाचन घेतलं आणि आलेख काढला. वारंवारता वाढली की नाभी भिंगापासून लांब जाते. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण २ सेंटीमीटर.

काचेच्या भिंगात उलटं होतं, निळा जवळ आणि लाल लांब. इथे लहान तरंगलांबी लांब, मोठी जवळ. पट्टीच्या कोनातून येणारा फेज वारंवारतेवर अवलंबून नाही, तो शुद्ध भूमिती आहे. पण ती वलयं ३ सेंटीमीटरच्या लहरीसाठी आखलेली. लहर बदलली की तीच वलयं दुसऱ्याच अंतराला जुळतात. दृश्य प्रकाशात याचा अर्थ असा की पांढऱ्या उजेडात साध्या मेटाभिंगाने काढलेल्या चित्राच्या कडा रंगीत आणि पुसट होतात. कॅमेऱ्यातली काच अजून गेलेली नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. २०१८ साली हार्वर्डच्या गटाने पंखांचे आकार असे निवडले की कोनातून फेज मिळावा आणि आकारातून रंगांची तफावत भरून निघावी. ४७० ते ६७० नॅनोमीटरपर्यंत नाभी एका जागी राहिली. आमच्या पट्ट्यांची लांबी सगळीकडे सारखी आहे, त्यामुळे आम्हाला ती मोकळीक नाही.

पुढच्या शीटसाठी दोन गोष्टी ठरल्या. एकाच थराची २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडायला तीन थर एकावर एक लावायचे, मध्ये साडेसात मिलीमीटरचा थर्माकोल, म्हणजे पाव तरंगलांबी. तिन्ही थरांतल्या पट्ट्यांची लांबी थोडी वेगवेगळी ठेवावी लागेल, तिचं गणित मुलगी करते आहे. देवासवाल्याला थर्माकोल एकसारख्या जाडीत कापायचा आहे, त्यासाठी तो निक्रोमची तापवलेली तार ताणून बसवतो आहे. काका रविवारी येणार आहेत, तोवर भिंगाची शीट गच्चीच्या खोलीत लाकडी चौकटीत बसवून ठेवायची, चौकट उभ्या अक्षावर फिरेल अशी.